कमल बस्तीचं कमळ लॅपटॉपात: न्यूरल फील्ड घरी कसं ट्रेन करायचं

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे छताला दगडी कमळ असलेल्या जुन्या जैन मंदिरात, मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि घरी येऊन त्यावरून थेट थ्रीडी सीन, म्हणजे कुठल्याही बाजूनं बघता येईल अशी जागा, ट्रेन करायला बसलो. रात्रभर लॅपटॉपचा पंखा बोंबलत होता आणि सकाळी बघतोय तर नुसता राखाडी धूर, कमळ नाही न खांब नाही. म्हणून सांगतो, सीनला नंतर हात घाला, आधी एकच फोटो शिकवा. एका संध्याकाळचं काम आहे पण पुढचा वैताग वाचतोय.

एरवी फोटो म्हणजे पिक्सेलचा तक्ता. इथं तक्त्याच्या जागी एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं गणित, ठेवायचं, त्याला एक्स-वाय विचारायचं आणि त्यानं त्या जागचा लाल-हिरवा-निळा सांगायचा. यालाच न्यूरल फील्ड म्हणतात. एका फोटोला एक नेटवर्क. त्याला दुसरा फोटो दाखवून काय उपयोग नाही, ते त्याचं कामच नव्हे.

फोटो असा घ्या की ज्यात बारीक अक्षरं आहेत. मी कुंद्याचा (आमच्याकडची मिठाई) डबा घेतला, वर कन्नड आणि मराठी दोन्ही छापलेलं. ५१२ बाय ५१२ करा, एक्स-वाय ० ते १ मध्ये आणा, पायटॉर्चमध्ये (नेटवर्क बांधायची पायथन लायब्ररी) २५६ रुंदीचे चार थर रेलू (उणे आकड्याचा शून्य करणारं फंक्शन) लावून ठेवा, अ‍ॅडम (नेटवर्कचे आकडे सुधारत नेणारी पद्धत), लर्निंग रेट (दर स्टेपला किती सुधारायचं) ०.००१, लॉस (चूक मोजायचा आकडा) साधा एमएसई, म्हणजे फरकांच्या वर्गांची सरासरी, आणि २००० स्टेप्स पळवा. डबा दिसेल, पण चष्मा काढून बघितल्यासारखा. अक्षरांच्या जागी नुसता डाग. तुमचं काही चुकलेलं नाही, रेलूवालं नेटवर्क हळूहळू बदलणारे रंग आधी शिकतंय आणि बारीक रेषांपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागतोय.

यावर उपाय २०२० मध्येच आलाय, फूरिये फीचर्स. एक्स-वाय थेट द्यायचे नाहीत, २५६ रँडम फ्रिक्वेन्सींनी गुणून त्यांचे साइन आणि कोसाइन काढून ते ५१२ आकडे आत सोडायचे. फ्रिक्वेन्सींचा पसारा, म्हणजे सिग्मा, १० ठेवून बघा. त्याच २००० स्टेप्समध्ये माझ्या डब्यावरचा 'कुं' वरच्या टिंबासकट वाचता आला, खरंच अंगावर काटा आला बघा. सिग्मा १ केला की परत धूसर, १०० केला की रवा सांडल्यासारखे ठिपके. हे ठिपके नीट पकडायचे तर ट्रेनिंगला एक सोडून एक पिक्सेल द्या आणि उरलेल्यांवर पीएसएनआर (मूळ फोटोशी किती जुळतंय त्याचा आकडा) मोजा, नाहीतर आकडा फसवतोय. सायरन नावाची दुसरी पद्धत पण आहे, रेलूऐवजी साइनच वापरायचा, ओमेगा (साइनच्या आतला गुणक) ३०, पण त्याचं इनिशियलायझेशन (सुरुवातीचे आकडे भरणं) पेपरात दिलंय तस्संच करायला लागतंय, तिथं स्वतःचं डोकं लावू नका.

आता सीन. नर्फमध्ये, म्हणजे फोटोंवरून अख्खा सीन शिकणाऱ्या न्यूरल फील्डमध्ये, तो पण २०२०चाच, जागा आणि बघायची दिशा द्यायची आणि रंग नि घनता घ्यायची, मग कॅमेऱ्यातून निघालेल्या किरणावरच्या ठिकठिकाणच्या उत्तरांची बेरीज करून एक पिक्सेल तयार होतोय. मूळ नर्फला एका सीनला भारी जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) एक-दोन दिवस लागायचे. २०२२ ला इन्स्टंट एनजीपी या पद्धतीनं हॅश ग्रिड (जागेची माहिती झटकन सापडेल असा तक्ता) आणली आणि काम मिनिटांवर आलं. आपण नर्फस्टुडिओ हे तयार सॉफ्टवेअर घ्यायचं आणि त्यातलं नर्फॅक्टो मॉडेल. इन्स्टॉल करताना कुडा (जीपीयूवर गणित चालवणारं सॉफ्टवेअर) आणि पायटॉर्चच्या व्हर्जन जुळल्याच पाहिजेत, अर्धी भांडणं तिथंच होतात.

पण खरी गोम फोटोत आहे. कुठला फोटो कुठून काढलाय हे कोलमॅप नावाचा प्रोग्रॅम शोधतो, आणि तिथं गंडलं की पुढं कितीही ट्रेन करा, धूरच. माझं तेच झालेलं. बस्ती १२०४ सालची, आतले काळे खांब घोटीव आणि सगळे एकसारखे, त्यात अंधार, त्यामुळं कोलमॅपला हा खांब कुठला आणि तो कुठला हेच कळेना. वर मी एका जागी उभा राहून गोल फिरलेलो! जागा बदलल्याशिवाय कुठली वस्तू किती लांब आहे ते कळत नसतंय, पाय हलवायलाच लागतात.

म्हणून सुरुवात अंगणातल्या तुळशी वृंदावनापासून करा. ढगाळ दिवस बघा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, गुडघ्याच्या, छातीच्या आणि डोक्यावरच्या उंचीवरून तीन फेऱ्या सावकाश मारा, १५० च्या आसपास फोटो पुरे. प्रोसेसिंग झालं की किती टक्के फोटोंची जागा सापडली ते छापून येतंय. माझा हिशोब, ९० च्या खाली आलं की ट्रेनिंग लावायचंच नाही, गप परत फोटो काढायचे. व्हिडिओ असेल तर मॅचिंग सिक्वेन्शियल, म्हणजे लागोपाठच्या फ्रेम्स जुळवणारं, ठेवा.

नर्फॅक्टो ३०,००० स्टेप्स पळतंय. मेमरी संपली अशी बोंब आली तर दर बॅचचे किरण ४०९६ वरून २०४८ करा. चेकपॉइंट (तोवर शिकलेलं साठवलेली फाइल) कुठल्या फोल्डरात जातोय ते आधीच बघून ठेवा, आमच्याकडं पावसात करंट कधी जाईल सांगता येत नाही आणि तिथूनच परत चालू करायला लागतंय. माझ्या वृंदावनाचा चौथरा रांगोळीसकट आला, पानं मात्र वाऱ्यानं हलत होती म्हणून हिरवा कापूस झाला. हवेत तरंगणारे ढगाचे तुकडे दिसले तर व्ह्यूअरमध्ये क्रॉप करा, किंवा ज्या बाजूनं फोटो कमी पडलेत तिकडून आणखी काढा.

नंतर राखणदाराला विचारून परत बस्तीत गेलो, सकाळचा उजेड बघून, पायानं फिरून. छताचं लोंबतं कमळ पाकळी न पाकळी आलं. खांबांवरची चमक मात्र अजून दगडाच्या आत कुठंतरी दिवा लावल्यासारखी दिसतीय, कारण प्रतिबिंब म्हणजे मागं खरंच काहीतरी आहे असं मॉडेल धरून चालतंय. त्यावर अजून झटापट चालू आहे.