आफ्रिकेची बातमी कशी वाचावी

परदेशी बातम्या लावण्याचं काम करते, त्यामुळे ‘आफ्रिका तटस्थ’, ‘आफ्रिका नाराज’ असले मथळे सतत हाताखालून जातात. माझा उपाय साधा आहे : खंड काढायचा, देश घालायचा.

2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं असा ठराव झाला. आफ्रिकेने हात झटकले, अशी चर्चा रंगली. मतांची यादी उघडा : 54 आफ्रिकी देशांपैकी 28 ठरावाच्या बाजूने, 17 तटस्थ, 8 गैरहजर, विरोधात एकटा इरिट्रिया. केनिया, घाना, नायजेरिया बाजूने. दक्षिण आफ्रिका आणि सेनेगल तटस्थ. आता यात ‘आफ्रिका’ कुठली?

काही ठिकाणी मात्र खंडच बोलतो, तेव्हा आफ्रिकन युनियन या खंडातल्या देशांच्या संघटनेचं म्हणणं शोधा. तिथे सदस्य 55 आहेत. जादाचा एक म्हणजे सहरावी प्रजासत्ताक. ते ज्या पश्चिम सहारावर हक्क सांगतं, त्याला मोरोक्को आपलाच भाग मानतो. या वादापायी मोरोक्कोने 1984 मध्ये युनियनच्या आधीची संघटना सोडली आणि थेट 2017 मध्ये तो युनियनमध्ये आला.

सुरक्षा परिषदेची बातमी असेल तर आधी मागणी वाचा, मग आश्वासन. आफ्रिकन युनियनची 2005 पासूनची मागणी आहे ती आफ्रिकेसाठी किमान दोन कायम जागांची, नकाराधिकारासह. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेने दोन कायम जागांना पाठिंबा जाहीर केला, पण नकाराधिकाराला नाही. मथळ्यांत अर्थातच पाठिंबा झळकला.

लुटलेल्या कलावस्तू ‘मायदेशी परतल्या’ असं वाचलं की मालकी कुणाच्या नावावर झाली ते बघा. जर्मनीने 2022 मध्ये बेनिन ब्राँझ या कलावस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. (बेनिन नावाच्या देशाशी यांचा संबंध नाही, 1897 मध्ये ब्रिटिशांनी लुटलेलं बेनिन राज्य आजच्या नायजेरियात येतं.) 2024 मध्ये घानातल्या कुमासीला असांते राजघराण्याचं सोनं आलं, ते मात्र लंडनच्या दोन संग्रहालयांनी तीन वर्षांसाठी उसनं दिलेलं. स्वतःचंच सोनं, तेही मुदतीवर! असले तपशील बहुधा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात सापडतात. मी वाचायला तिथूनच सुरुवात करते.