मोठे प्लग फेकायचेत? ब्लँक घेताना या चुका टाळा

मासे गरवायचा रॉड बांधून घ्यायला कोणी आलं की मी आधी विचारतो, सगळ्यात जास्त वेळा कोणता प्लग, म्हणजे हुक लावलेला नकली मासा, फेकणार? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. ब्लँक, म्हणजे कड्या आणि हँडल न लावलेली रॉडची नुसती काठी, मात्र आधीच घेऊन झालेला असतो. का घेतला? लांब आहे, कडक आहे, वर मोठा आकडा छापलाय. मग सांगतात, ‘सगळंच फेकणार. साठ ग्रॅमच्या पेन्सिल प्लगपासून पावणेदोनशे ग्रॅमच्या लाकडी स्विमर प्लगपर्यंत.’ असा ब्लँक नसतो. दोन टोकांचं वजन एकाच ब्लँकवर फेकायला गेलात की हलका प्लग जेमतेम अर्ध्या अंतरावर पडतो आणि जड प्लगला टिप, म्हणजे ब्लँकचं बारीक टोक, कोलमडते. तुमच्या पेटीतला जो प्लग रोज पाण्यात जातो तो हातात घ्या, ट्रेबल (तीन टोकांचे) हुक आणि रिंगांसकट वजनकाट्यावर ठेवा, आणि तो आकडा लिहून ठेवा. ब्लँक त्याच्यासाठी घ्यायचा. बाकीचे प्लग त्याच्यामागून येतील.

छापलेल्या आकड्यावर भिस्त

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

ब्लँकवर ‘४ ते ८ औंस’ असं लिहिलेलं असतं. हे ठरवायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक रीत नाही. एखादी कंपनी जे वजन झकास जातं ते छापते, दुसरी ज्या वजनापर्यंत ब्लँक टिकेल ते छापते. शिवाय किनाऱ्यावरच्या जड ब्लँकचा आकडा पुष्कळदा शिशाच्या वजनासाठी असतो, म्हणजे तळाला आमिष लावून बसणाऱ्यांसाठी. शिसं लहान आणि घट्ट असतं, हवा कापत जातं. तळाला आमिष टाकणारा माणूस ते लांब झोक्याने, सावकाश वेग वाढवत फेकतो आणि रॉड स्टँडला लावून वाट बघतो. मोठा प्लग अंगाने जाड असतो, हवेला अडतो, पुढे धातूची जीभ असेल तर उडताना गोल फिरतो. आणि तो तासन्‌तास, पुन्हा पुन्हा फेकायचा असतो. वजन तेच असलं तरी शिसं आणि प्लग ब्लँकवर सारखे बसत नाहीत.

एका तरुणाने माझं न ऐकता साडेअकरा फुटी, ४ ते ८ औंसांचा, फार कडक ब्लँक घेतला आणि स्वतःच बांधला. त्याच्या पेटीत सगळे ८५ ग्रॅमच्या आसपासचे पेन्सिल पॉपर. मी म्हटलं, हा ब्लँक सुरूच होतो ११३ ग्रॅमला. तो म्हणाला, ‘काका, मासे मोठे आहेत, काठी मऊ घेऊन काय करू?’

पुढे आम्ही एकाच किनाऱ्यावर गरवायला होतो. आधी त्याने धातूचा जड चमचा फेकला. तो सणसणत गेला आणि गड्याची खात्री पटली की रॉड उत्तम आहे. मग पेन्सिल लावली. रॉड वाकेचना. वाकत नाही म्हणून तो खांद्यातून जोर लावायला लागला. जोर लावला की बोट सुटायची वेळ चुकायची. कधी प्लग आभाळात जायचा, कधी समोरच्या लाटेत आपटायचा, आणि हवेत कोलांट्या खाताना हुक लीडरमध्ये, म्हणजे प्लगच्या पुढच्या जाड दोरीत, अडकायचे. अंधार पडेपर्यंत त्याचा खांदा गेला. मधेच एक चांगला मासा लागला, पण शेवटच्या लाटेत त्याने डोकं झाडलं, कडक टिपेने जराही साथ दिली नाही, दोरी क्षणभर ढिली पडली आणि प्लग रिकामा परत आला.

मी त्याच्या हातात माझी दहा फुटी काठी दिली. २ ते ५ औंस, म्हणजे साधारण ५७ ते १४२ ग्रॅम. त्याचाच प्लग, त्याचाच हात. थोड्याच वेळात प्लग बाहेरच्या लाटेपलीकडे पडायला लागला, आणि पेन्सिल पाण्यावर जशी डावी-उजवीकडे नाचायला हवी तशी नाचायला लागली. ती नाचते टिपेमुळे. टिप ओढते, सोडते, पुन्हा ओढते. कडक टिपेला हे सोडणं जमत नाही, ती प्लगला सरळ फरफटत आणते.

माझी सवय अशी: रोजचा प्लग छापलेल्या पट्ट्याच्या मध्यावर किंवा किंचित वर बसला पाहिजे. ९० ते ११० ग्रॅमचे प्लग फेकणाऱ्याला २ ते ५ औंसांचा ब्लँक. वरच्या टोकाचा प्लग फेकायचाच असेल तर झटका न देता झोक्याने फेकायचा.

आणि छापलेलं बाजूला ठेवून मोजायचं असेल तर तेही अवघड नाही. बट, म्हणजे खालचं जाड टोक, पक्का आवळून ब्लँक आडवा धरा, टोकाला डबा टांगा आणि टोक ब्लँकच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत त्यात पाणी ओता. डब्यासकट वजन करा. दोन ब्लँक असे मोजले की कोणता किती दणकट ते कळतं, छापील आकडे काहीही म्हणोत. ही कल्पना विल्यम हॅनेमन यांची. त्यांनी वजनासाठी अडीच ग्रॅमची अमेरिकन सेंटची नाणी वापरली, म्हणून तिला कॉमन सेंट्स सिस्टिम म्हणतात. त्याच स्थितीत टोक आडव्या रेषेशी किती कोन करतं तेही बघा. ६६ अंशांच्या वर गेलं तर ॲक्शन फास्ट, म्हणजे ब्लँक मुख्यतः टोकाकडूनच वाकतो. मोठ्या लाकडी प्लगसाठी मला साठीच्या आतबाहेरचा कोन आवडतो.

मासा मोठा, म्हणून काठी कडक

वरच्या तरुणाची मूळ समजूत हीच होती. पॉवर आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लँक वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि तो कुठून वाकतो ती ॲक्शन. मोठ्या माशाला ब्लँकचा खालचा भाग आणि रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ब्रेक, आवरतो. टिप मऊ असली म्हणून मासा सुटत नाही. ५ किलोचा ड्रॅग लावून दहा फुटी रॉड धरून बघा, कंबर आधी बोलेल की काठी, ते लगेच कळेल.

लांबी म्हणजे अंतर

लांब ब्लँक तेव्हाच दूर फेकतो जेव्हा तुम्ही तो तितक्याच वेगाने फिरवू शकता. बारा-तेरा फुटी ब्लँक आमिषासाठी ठीक. प्लग फेकणाऱ्या बहुतेकांना मी ९ ते १०.५ फुटांच्या पुढे जाऊ देत नाही. खडकावर उभे राहणार असाल तर त्यातही आखूड. शेवटची कास्ट (फेक) पहिलीइतकी लांब जाते का, ते बघायचं.

कार्बनच्या नावाची भुरळ

आयएम६, आयएम७, आयएम८ ही हेक्सेल कंपनीच्या कार्बनच्या धाग्यांची नावं आहेत. बाजारात ती प्रतवारी असल्यासारखी वापरली जातात. आठ म्हणजे सातपेक्षा चांगला, असं लोक धरून चालतात. धाग्याचा मॉड्युलस, म्हणजे त्याचा मूळचा ताठरपणा, जास्त असला की तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो. भिंत पातळ होते, ब्लँक हलका होतो, पण मार सोसत नाही. आणि मोठे प्लग फेकणाऱ्याच्या ब्लँकला मार बसतोच. शंभर ग्रॅमचा प्लग वाऱ्याने हेलकावून ब्लँकवर आपटला की बारीक खोक पडते, डोळ्याला दिसतही नाही. मग कधीतरी भर कास्टमध्ये ब्लँक तिथेच फटकन तुटतो आणि दोष बनवणाऱ्याला दिला जातो. मी मध्यम मॉड्युलसचा, जाड भिंतीचा ब्लँक घेतो. काचतंतू मिसळलेला असला तरी चालेल. पन्नास ग्रॅम जास्त उचलावे लागले तर उचलावेत. आणि प्लग ब्लँकवर आपटला की बोट फिरवून ती जागा तपासायची, हे हाताच्या अंगवळणी पडू द्या.

करवत हातात घेण्याची घाई

ही माझी दुसरी दुखरी नस. ब्लँक जरा मऊ वाटला की लोक टिपेकडून चार इंच उडवतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की असं केलं की ब्लँक एक दर्जा वर जातो. पॉवर वाढते हे खरं. पण ब्लँक निमुळता असतो. टोकाचे ते चार इंच सगळ्यात बारीक, सगळ्यात लवचीक. पेन्सिल नाचवणारा, माशाने डोकं झाडलं की साथ देणारा भाग तोच. तो गेला की हवी ती टिप उरलेल्या ब्लँकमधून परत मिळत नाही, आणि टोकाचं गाइडही (दोरी जाते ती कडी) जाड नळीचं लागतं. लांबी कमी करायची असेल तर बटाकडून करा. हँडल आखूड होईल, खालची थोडी ताकद जाईल, पण टिप जशी आहे तशी राहील.

मी कापण्याआधी त्या जागी टेप लावून ब्लँक तिथून धरतो, रीळ तात्पुरती बांधतो आणि फेकून बघतो. कापायचंच ठरलं तर एका वेळी एक इंच. खुणेभोवती टेपचे दोन वेढे, बारीक घासचक्की, तोंडावर मास्क. कार्बनची धूळ फुफ्फुसात नको. पाइप कापायचं कटर वापरू नका, ते भिंत दाबून तंतू चिरडतं. खरं सांगायचं तर ज्यांना करवत लागते त्यातल्या बहुतेकांनी ब्लँकच चुकीचा घेतलेला असतो. एक दर्जा वरचा ब्लँक मिळतो. तो घ्यायला थोडं थांबावं लागतं, आणि घाई असणाऱ्याला तेच जमत नाही.

लहानसहान, पण महाग पडणाऱ्या

दुकानात ब्लँकचं टोक छताला किंवा जमिनीला टेकवून वाकवू नका. एकाच जागी ताण येतो, मासा असा वाकवत नाही.

दोन तुकड्यांच्या ब्लँकची फेरूल, म्हणजे जोडाचं तोंड, दोऱ्याने बांधल्याशिवाय वजन फेकू नका. न बांधलेलं तोंड चिरतं. जोडून हलवल्यावर खुटखुट आवाज आला तर तो ब्लँक परत.

रीळ सीटचं (रीळ बसवायच्या भागाचं) माप बटाच्या टोकावर घेऊ नका, सीट जिथे बसणार तिथे घ्या.

ब्लँकचा कणा, म्हणजे त्याची जास्त कडक बाजू, शोधत तासभर घालवण्यापेक्षा तो कोणत्या बाजूने सरळ दिसतो ते बघा आणि तसा बांधा.

टिपेवर जड गाइड चढवू नका. उत्तम ब्लँक त्यामुळे आळशी होतो.

बांधण्याआधी फेकून बघा

गोंद लावण्याआधी गाइड टेपने घट्ट चिकटवा, फेरूलला दोऱ्याचा वेढा द्या, रीळ टेपने बांधा, प्लगचे हुक काढा, मागे कोणी नाही याची खात्री करा, आणि हळूहळू जोर वाढवत फेका. रीळची जागा दोन-तीन वेळा बदला. बट काखेखाली धरून हात आरामात रीळपर्यंत पोचतो तिथून सुरुवात करा.

प्लग सुटल्यावर टिप बराच वेळ थरथरत राहिली आणि दोरी गाइडवर फटफटली, तर त्या प्लगसाठी ब्लँक मऊ आहे. मागे नेल्यावर प्लगचं वजन हाताला जाणवलंच नाही, तर कडक आहे. वजन मनगटाला नीट लागलं, ब्लँक मधल्या भागापर्यंत वाकला आणि सुटल्यावर टिप एकदाच झुलून थांबली, तर गोंद कालवायला घ्या.