लिनक्सच्या नव्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) प्रोसेसरचा एकच कोर दिसतोय?

आमच्या रत्नागिरीत पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून कर्नल परत कंपाइल करायच्या (सोर्स कोडपासून बनवायच्या) आधी हे बघाच. एलएससीपीयू (lscpu, प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) मारल्यावर ४ ऐवजी १ च कोर दिसला तर आधी प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल (/proc/cmdline, बूट होताना कर्नलला दिलेले पर्याय यात असतात) उघडा, त्यात नोएसएमपी, मॅक्ससीपीयूज=१ किंवा एसीपीआय=ऑफ असा कोर अडवणारा पर्याय राहिला असेल तर ग्रबमधून (कर्नल बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमधून) काढा नि रीबूट करा, माझं तेवढ्यावरच भागलं, कंपाइल वाचलं.

तिथे काही नसेल तर मेन्यूकॉन्फिगमध्ये (कंपाइलआधी कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत) प्रोसेसर टाइप अँड फीचर्स खाली सिमेट्रिक मल्टिप्रोसेसिंग (एकापेक्षा जास्त कोर वापरायची सोय) चालू करा, आणि मॅक्सिमम सीपीयूचा आकडा प्रोसेसरच्या एकूण थ्रेडएवढा (सिस्टिमला दिसणाऱ्या कोरएवढा) तरी हवाच. जुना कर्नल मात्र उडवू नका हां, नवा बूट झाला नाही तर तोच वाचवतो.