बेळगाव जिल्ह्यातली ब्रिटिशकालीन पोटनिवडणूक कशी शोधायची

आधी सभागृह ठरवा. 1920 पासून इथला मतदार मुंबईच्या कौन्सिलसाठी (प्रांताचं कायदेमंडळ) आणि दिल्लीच्या असेंब्लीसाठी (केंद्रीय कायदेमंडळ) वेगवेगळं मत देई. मुसलमान आणि बिगर-मुसलमान मतदारसंघही निराळे. नुसतं 'बेळगाव' शोधलंत तर चारही गोष्टींची भेसळ होते.

मग हद्द. आजचा जिल्हा डोक्यातून काढा. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. तिथले गावकरी या मतदार यादीत सापडणार नाहीत. उलट चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. बैलहोंगल परिसर संपगाव तालुक्यात, सौंदत्ती परसगडात बघा.

जागा रिकामी का झाली, हे नक्की करा: मृत्यू, राजीनामा, की सरकारी नोकरी. 1930 साली काँग्रेसच्या आदेशावरून बऱ्याच सभासदांनी राजीनामे दिले. 1939 ला मात्र मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, आमदारांनी जागा सोडल्या नव्हत्या. ही गल्लत नेहमी होते.

तारीख अंदाजे कळली की मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात 'बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट' काढा. जागा रिकामी झाल्यापासून पुढचे सहा महिने तरी पानोपान चाळा. निवडून आलेल्याचं नाव मिळेल. मतं मिळतीलच असं नाही. त्यासाठी त्याच आठवड्यांचे 'तरुण भारत' आणि 'केसरी' बघा. निवडणूक बिनविरोध झाली असेल, तर आकडे शोधत बसू नका.

खरी काळजी घ्यायची ती आकड्यांची तुलना करताना. 1937 च्या मुंबई असेंब्ली (प्रांताची विधानसभा, दिल्लीची नव्हे) निवडणुकीत 'बेळगाव उत्तर'सारख्या मतदारसंघातून एकाहून जास्त सभासद निवडायचे होते. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. समजा जागा चार आहेत: हजार पाठीराख्यांनी चारही मतं आपल्याच माणसाला दिली, तर त्याच्या नावावर चार हजार पडतात. पोटनिवडणुकीत जागा एक, मत एक. तेच हजार लोक आले तरी आकडा हजारच. तो वाचून 'पाठिंबा आटला' म्हणणं साफ चूक. शिवाय अल्पसंख्य गट एकजुटीनं चारातली एक जागा खेचू शके, एकाच जागेच्या लढतीत तो हमखास मागे पडे. मराठी आणि कानडी मतांचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही. म्हणून वहीत प्रत्येक आकड्याशेजारी दोन रकाने ठेवा: किती जागा, आणि किती मतदार मतदानाला आले. दुसरा रकाना रिकामा असेल तर टक्केवारी काढू नका.