माशांवरची ९६ तासांची विषाक्तता चाचणी

या चाचणीतून एलसी-५० काढायचा असतो, म्हणजे ९६ तासांत निम्मे मासे मरतील अशी संहती (पाण्यातलं रसायनाचं प्रमाण). यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची पद्धत सर्रास वापरतात. प्राणी-नीती समितीची परवानगी हातात येईपर्यंत मासे आणूच नयेत.

रसायनापेक्षा पाण्यामुळेच चाचण्या जास्त फसतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन पूर्ण काढा. पितळी तोट्या आणि तांब्याच्या नळ्या टाळा, त्यातून सुटणारं तांबं माशांना अगदी थोडंही बाधतं. झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशासाठी २१ ते २५ अंश सेल्सिअस चालतं, पण एकदा धरलेलं तापमान शेवटपर्यंत टिकवा. आणलेले मासे ४८ तास स्थिरावू द्या आणि पुढचे ७ दिवस मेलेले मोजा. ५ टक्क्यांहून कमी मेले तर कळप घ्या, ५ ते १० टक्के असतील तर आणखी ७ दिवस थांबा, त्याहून जास्त असतील तर सगळाच कळप बाद. चाचणीच्या २४ तास आधी खाणं बंद करा आणि चाचणीतही देऊ नका. विष्ठा आणि उरलेलं अन्न ऑक्सिजन खातं, अमोनिया वाढवतं, आणि मग मासा कशानं मेला ते सांगता येत नाही.

आधी एकाच टाकीत १०० मिग्रॅ/लिटर देऊन पाहा. सात मासे ९६ तास जगले तर एलसी-५० त्याहून वर आहे, पुढे मासे मारायचं कारण नाही. मेले, तर किमान पाच संहती घ्या, शेजारच्या दोन संहतींत २.२ पटींहून जास्त अंतर नको. समजा १ ग्रॅम/लिटरचं मूळ द्रावण आहे. प्रत्येक टाकीत त्याचे अनुक्रमे १०००, ५००, २५०, १२५ आणि ६२.५ मिली घालून पाण्याने १० लिटर करा, की १०० ते ६.२५ मिग्रॅची मालिका तयार. सहावी टाकी नुसत्या पाण्याची. टाक्या काचेच्याच, कारण तेलकट रसायनं प्लास्टिकला चिकटतात. दर टाकीत सात मासे, आणि माशांचं वजन लिटरमागे ०.८ ग्रॅमच्या आत.

पहिल्या दिवशी वारंवार पाहा, नंतर दिवसातून दोनदा. शेपटीच्या देठाला काचकांडीने हलकं टोचलं आणि कल्लेही हलले नाहीत तर मासा मेला समजा. तो लगेच काढा, कुजला की टाकी नासते. कलणं, पृष्ठभागावर हवा गिळणं हेही नोंदवा. सगळ्याच टाक्यांत मासे वर आले तर आधी ऑक्सिजन मोजा. तो संपृक्ततेच्या (पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकणाऱ्या प्रमाणाच्या) ६० टक्क्यांखाली गेला, तर चाचणी अवैध. नुसत्या पाण्याच्या टाकीत एकाहून जास्त मासे मेले तरी तेच.

संहती सुरुवातीला आणि शेवटी मोजा. ठरवलेल्या आकड्याच्या ८० ते १२० टक्क्यांत राहिली नाही, तर हिशेब मोजलेल्या आकड्यांवर करा. रसायन लवकर उडत किंवा विघटित होत असेल तर दर २४ तासांनी द्रावण बदला.

एलसी-५० ची आकडेमोड प्रोबिटने होते, म्हणजे संहती आणि मेलेल्यांची टक्केवारी यांना रेषा जुळवणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने. पण बऱ्याचदा २५ मिग्रॅ/लिटरला एकही मरत नाही आणि ५० ला सगळे मरतात. तिथे प्रोबिट चालत नाही, दोन्हींचा गुणोत्तर मध्य (गुणाकाराचं वर्गमूळ) घ्या: साधारण ३५.४ मिग्रॅ/लिटर.