तिसरीच्या पहिल्या सत्रातील गणित घरी कसे पक्के करून घ्यावे

जूनच्या मध्यास शाळा सुरू होते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच्या पहिल्या सत्रात तिसरीच्या मुलाला तीन अंकी संख्या, हातच्याची बेरीज आणि वजाबाकी, गुणाकाराची ओळख इतके सारे शिकायचे असते. या सर्वांच्या मुळाशी एकक, दशक आणि शतक यांची समज आहे, म्हणून पालकांनी आपला बराचसा वेळ तिच्यावरच घालवावा, असे माझे मत आहे.

सुरुवातीला साहित्य जमवावे. मराठवाड्यात तुरीचे पीक घेणाऱ्या घरी वाळलेल्या तुराट्या सहज मिळतात. त्यांचे बोटभर लांबीचे साडेचारशे तुकडे करावेत, दहा-दहांच्या जुड्या मुलाकडूनच दोऱ्याने बांधून घ्याव्यात आणि दहा जुड्यांचा एक मोठा गठ्ठा करावा. हे काम कंटाळवाणे वाटले तरी आपण आयते करून देऊ नये, कारण दहा सुटे मिळून एक दशक होतो हे बांधणाऱ्या हातालाच कळते.

त्यानंतर संख्या ऐकून लिहिण्याचा सराव घ्यावा. येथे आपली भाषाच मुलाला थोडी अडवते. ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल 54 लिहून बसते. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात, म्हणून 69 लिहिते. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 21 साठी ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा तिच्यावर बराच वाद झाला. घरी मात्र दोन्ही रीती वापराव्यात: ‘पंचेचाळीस म्हणजे चाळीस आणि पाच’ असे म्हणवून घेत चार जुड्या आणि पाच सुट्या काड्या मांडायला सांगावे.

बेरीज यामुळे लवकर जमते. खरी अडचण वजाबाकीत येते. 402 मधून 156 वजा करायचे असल्यास चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडाव्यात. दोनातून सहा जात नाहीत आणि सोडायला जुडीही नाही, म्हणून एक गठ्ठा सोडून दहा जुड्या कराव्यात आणि त्यांपैकी एक जुडी सोडावी. आता तीन गठ्ठे, नऊ जुड्या आणि बारा काड्या दिसतात. त्यांतून एक गठ्ठा, पाच जुड्या आणि सहा काड्या उचलल्या की 246 उरतात. ‘शेजाऱ्याकडून उसने घे’ असे सांगण्याची पद्धत मला पटत नाही, कारण उसने घेतलेले परत करावे लागते आणि येथे कोणी काहीच परत करत नाही. गठ्ठा केवळ सुटा होतो. प्रत्येक पायरी काड्यांनी झाल्याबरोबर वहीत उतरवून घ्यावी आणि दोन आठवड्यांनी काड्या हळूहळू बाजूला ठेवाव्यात.

गुणाकारासाठी पाढे पाठ करून घेण्याआधी शेतात नेऊन कपाशीच्या सहा ओळींतील प्रत्येकी चार झाडे मोजायला लावावीत, एवढे पुरे.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यावर जाऊ लागते, तेव्हा वजनाची पावती मुलाच्या हाती द्यावी. एक क्विंटल म्हणजे 100 किलो, म्हणून 3 क्विंटल 47 किलो म्हणजे 347 किलो हे ते पटकन सांगते; 3 क्विंटल 7 किलो विचारल्यावर मात्र 37 म्हणाले, तर शून्याची जागा अजून पक्की झालेली नाही असे समजावे आणि पुन्हा गठ्ठ्यांकडे वळावे. बीडसारख्या जिल्ह्यातील ज्या कुटुंबांना ऊसतोडीसाठी गाव सोडावे लागते, त्यांनी ही तपासणी दसऱ्याची वाट न पाहता पोळ्यानंतर लगेच करावी, म्हणजे निघण्यापूर्वी महिनाभर तरी हाताशी राहतो; आणि निघताना चार गठ्ठे पिशवीत टाकून सोबत न्यावेत.