गॅलरीची सळई वर आहे ना?
गॅलरी ओतायच्या आदल्या संध्याकाळी मी साइटवर स्वतः जाते आणि सगळ्यात आधी मुख्य सळई बघते. ती वरच हवी.

का, ते घरी बघा. लांबट खोडरबरावर बाजूने उभ्या रेघा मारा. दोन पुस्तकांवर ठेवून मधोमध दाबा: रेघा खाली फाकतात, वर जवळ येतात. आता एक टोक पुस्तकाखाली घट्ट धरून मोकळं टोक दाबा. रेघा वर फाकतील. काँक्रीट दाब छान सोसतं, ताणात मात्र लवकर तडकतं. म्हणून फाकणाऱ्या बाजूला सळई. दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमला खाली, अधांतरी गॅलरीला वर.

बांधताना सहसा सगळं बरोबर असतं. घोटाळा होतो ओतताना, माणसं सळईवरून चालतात तेव्हा. १२५ मिमी स्लॅबमध्ये ती तळापासून साधारण १०० मिमीवर हवी. २५ मिमी दबली की ताकदीचा चौथा हिस्सा तरी गेलाच. एका जुन्या गॅलरीत भिंतीलगत वरून गेलेली लांब भेग मी पाहिली आहे, खाली लहान मुलं खेळत होती. तेव्हापासून सळईखाली लोखंडी खुर्च्या (सळई वर उचलून धरणारे वाकवलेले तुकडे) आणि चालायला फळ्या असल्याशिवाय मी मिक्सर सुरू करू देत नाही.

ओतताना खाली लावलेले तात्पुरते टेकू नंतर काढताना गॅलरीचे बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे काढा. साध्या बीमचे मात्र मधून कडेला. मधला टेकू शेवटी ठेवलात तर बीम त्याच्यावर उलटा वाकतो, आणि तिथे वर पुरेशी सळई नसते.